श्वासाचा रकाना

मनगटावरचा पट्टा थरथरला तेव्हा जयश्री इंगवलेनं अजून चप्पलसुद्धा बदलली नव्हती. सकाळचे सात वाजून चार मिनिटं झाली होती. पट्ट्यावर लाल आकडा उमटला, एक्कावन्न. म्हणजे एक्कावन्न नंबरच्या खाटेवर तीन-चार तासांत काहीतरी बिनसणार. अजून बिनसलेलं नाही, पण बिनसणार. जयश्रीनं पर्स कपाटात फेकली आणि चालू लागली.

ड्युटीवर आल्या आल्या "चहा झाला का गं?" असं एकमेकींना विचारायची पद्धत करंजपूरच्या रुग्णालयात पूर्वी होती. आता विचारणार कोण? रात्रीची सिस्टर सही ठोकून जिना उतरलेली, आणि दिवसाची सिस्टर म्हणजे एकटी जयश्री. बायकांचा वॉर्ड, खाटा एकसष्ट.

याच वॉर्डात एके काळी दिवसपाळीला पाच जणी असायच्या. मग चार झाल्या, मग तीन. कुणी जर्मनीला गेल्या, कुणी जपानला. तिथल्या म्हाताऱ्यांना हात धरून चालवायला माणसं हवी होती, आणि इथल्या पोरींना माणसासारखं जगायचं होतं; त्यांना नावं कुठल्या तोंडानं ठेवायची? काहींनी तर पाठ कामातून गेली म्हणून धंदाच सोडला. भरतीची जाहिरात दर वर्षी निघायची, यादी लागायची, आणि यादीतल्या निम्म्या पोरी तोवर विमानात बसलेल्या असायच्या. शेवटी वरच्यांनी हात टेकले. आणि मग तीन वर्षांपूर्वी, २०३९ साली, जागल्या आला.

कागदावर त्याचं नाव चांगलं हातभर लांब होतं. ते कुणाच्या तोंडात बसेना. पूर्वी गावाची राखण करणारा तो जागल्या, तसाच हा वॉर्डाचा, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. प्रत्येक रुग्णाच्या छातीवर एक चकती लावायची. ती नाडी, रक्तातला ऑक्सिजन, अंगाचा ताप आणि त्वचेचा ओलावा सतत टिपत राहते. आता नुसत्या आकड्यांना काय चाटायचंय? एकशे दहाची नाडी जिना चढून आलेल्या पोरीचीही असते आणि आतल्या आत रक्त वाहत असलेल्या बाईचीही. दोघींतला फरक ओळखायला अनुभव लागतो. यंत्राला तो अनुभव मिळाला जुन्या तक्त्यांतून. खाटेच्या पायथ्याशी टांगलेले ताप, नाडी, श्वासाचे तक्ते असायचे ना, ते एकेचाळीस रुग्णालयांतून पंचवीस वर्षांचे गोण्या भरभरून नेले. कुणाचे आकडे कसकसे हलले आणि ते माणूस पुढे घरी गेलं की दगावलं, हे यंत्रानं लाखो वेळा पाहिलं आणि त्यावरून आपले आडाखे बांधले. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा.

आणि खरं सांगायचं तर जयश्रीला जागल्या आवडायचा. त्याच्या आधीची वर्षं तिनं काढली होती. तेव्हा कोण बरं आहे नि कोण जातंय हे नातेवाइकांच्या ओरडण्यावरून कळायचं. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे सिस्टर आधी. जागल्या आवाज बघत नव्हता. पहिल्याच वर्षी त्यानं तिच्या डोळ्यांदेखत सात बायका वाचवल्या. फक्त त्याची एक अट होती. लाल खाट सोडून हिरव्या खाटेपाशी थांबलात की पट्टा त्याची नोंद करायचा, 'विचलन' म्हणून. महिन्यात तीन विचलनं झाली की नोटीस. आणि जागल्या आहे म्हटल्यावर, नर्स आणखी कमी असल्या तरी चालतंय की, असं वर कुणालातरी वाटलं. तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक.

अडतीस नंबरला त्या आठवड्यात साळवेबाई होत्या.

रत्नप्रभा साळवे, वय ब्याऐंशी. मोरीत घसरून खुबा मोडला, ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले. लग्न केलं नाही, भाऊ केव्हाच वारलेला, चर्चमधली एक बाई संध्याकाळी डबा देऊन जायची तेवढीच. पण याच रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये त्यांनी तीस वर्षं पोरी घडवल्या होत्या आणि शेवटची काही वर्षं मेट्रन म्हणून अख्खं रुग्णालय धाकात ठेवलं होतं. जयश्री त्यांच्या हाताखालची.

"अगं, ही चादर कुणी घातली? कोपरे बघ," त्या दिवशी बाईंनी स्वागत केलं ते असं.

"मावशींनी घातली, बाई. मला कुठला वेळ?"

"वेळ आम्हाला तरी कधी होता?" बाई म्हणाल्या, आणि मग दमल्यासारख्या गप्प झाल्या. जयश्रीला ते खटकलं. बाई बोलायला लागल्या की मध्ये थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण अडतीस हिरवं होतं, आणि पट्टा बावीसकडे बोलावत होता.

नऊ वाजता ती पुन्हा अडतीसवरून गेली. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, तोंड किंचित उघडं. "बरंय ना, बाई?" तिनं चालता चालता विचारलं. बाईंनी नुसती मान हलवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणून ओरडत होती. बाईंसाठी ओरडायला कुणी नव्हतं, आणि स्वतः हाक मारणं बाईंना जमणारं नव्हतं. उभा जन्म नर्स म्हणून काढलेली बाई दुसऱ्या नर्सला पळताना बघते तेव्हा ती घंटा वाजवत नाही.

साडेअकराला जयश्री थांबली. जागल्यानं सांगितलं म्हणून नव्हे, बाईंनी तिच्या एप्रनचं टोक धरलं म्हणून.

"माझे... श्वास मोज," बाई म्हणाल्या. दोन शब्दांच्या मध्ये त्यांना हवा घ्यावी लागत होती.

"बाई, चकती आहे की छातीवर. सगळं हिरवं आहे."

"चकतीचं राहू दे. तू मोज. शिकवलंय ना मी?"

शिकवलं होतं, आणि कसं! 'श्वास मोजते असं रुग्णाला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. मनगटावर बोटं ठेवायची, नाडी बघतोय असं दाखवायचं, आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट. नाडी पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलीस तर चालेल. श्वास तसा गुणायचा नाही, तो मिनिटाला जेमतेम पंधरा-वीस, एखादा चुकला तरी चाराचा फरक पडतो. मिनिट म्हणजे मिनिट!' अठरा वर्षांच्या जयश्रीच्या डोक्यावर उभं राहून बाईंनी तिच्याकडून हे शंभर वेळा करून घेतलं होतं.

तिनं बाईंच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी शांत, शहात्तर. हात मात्र गार होता. नजर छातीवर गेली. एक, दोन, तीन, चार... पंधरा सेकंद झाले तेव्हा ती नऊवर होती.

आणि पट्टा कडाडला. बारा नंबर, लाल.

बाईंनी तो लाल उजेड पाहिला. "जा," त्या म्हणाल्या. "लाल आहे ना? जा."

नऊ चोक छत्तीस. हा हिशोब करायला जयश्रीला कागद लागला नव्हता. पण पंधरा सेकंदांचं गुणून चालत नाही, बाईंनीच सांगितलंय, परत येऊन पूर्ण मिनिट मोजू, असं तिनं स्वतःला सांगितलं. फार सोयीचं आठवलं तिला त्या वेळी! आणि ती बाराकडे पळाली.

बारा नंबरला दोन लेकरांची आई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. आत रक्त वाहू लागलं होतं. जयश्रीनं शिरा शोधल्या, रक्ताच्या पिशव्या मागवल्या, सगळ्या मजल्याला मिळून एकच असलेल्या डॉक्टर निकमांना बोलावून घेतलं, ट्रॉली स्वतः ढकलत ऑपरेशन थिएटरपर्यंत नेली. पन्नास मिनिटं गेली. ती बाई वाचली. जागल्या बरोबर होता, हे लक्षात ठेवा. तो बाराच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर होता.

परत आली तेव्हा साळवेबाई डोळे मिटून पडल्या होत्या. हाक मारली तर ओ नाही. ती मनगट धरायला वाकली तेव्हा कुठे अडतीस पिवळं झालं, आणि पाच मिनिटांत लाल.

डॉक्टर निकम धावत आले. तिशीचा पोरगा, सकाळपासून पाणीही प्यायला नव्हता. "रक्तात जंतुसंसर्ग पसरलाय," तो म्हणाला. "ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, त्या नाडी वाढूच देत नाहीत. या वयात तापही चढत नाही. ऑक्सिजनही जागेवर राहिला, कारण जोरजोरात श्वास घेऊन शरीर तो सांभाळत होतं. सकाळपासून एक श्वासच काय तो बोलत असणार. कुणी बघितला नाही का?"



दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूत बाई गेल्या. जाण्याआधी थोडा वेळ शुद्ध आली होती. जयश्री पाच मिनिटं चोरून वर गेली होती. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. बाईंनी तिचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटानं दोन आणि शून्य काढलं. वीस. मग त्याच बोटानं खाली एक फराटा मारला, सहीसारखा.

जयश्रीला ते लगेच कळलं. कळलं आणि तिथंच रडू फुटलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तापाच्या साथीत सत्तर खाटांना दोघीच उरल्या होत्या. सत्तर माणसांचे श्वास म्हणजे सत्तर मिनिटं, आणि ती दिवसातून तीनदा. कुठून आणायची? जयश्रीनं त्या दिवशी ताप खरा लिहिला, नाडी खरी लिहिली आणि श्वासाच्या रकान्यात न मोजता लिहिलं वीस. पुढच्या खाटेला वीस, त्याच्या पुढच्याला वीस. साळवेबाई राऊंडला आल्या, तक्ता उचलला, वरपासून खालपर्यंत पाहिला. मग जयश्रीकडे पाहिलं, वॉर्डाकडे पाहिलं, व्हरांड्यात जमिनीवर झोपवलेल्या रुग्णांकडे पाहिलं. पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. तेव्हा जयश्रीला सुटल्यासारखं झालं होतं. त्यानंतर तिनं श्वास कधी मोजला नाही. आणि तिनं एकटीनं नव्हे, कुणीच मोजला नाही. नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात जुनी तिला सांगायची, "श्वास वीस लिही गं, फार तर बावीस."

आठ दिवसांनी जागल्याच्या कंपनीचा माणूस चौकशीला आला. अश्फाक मुलाणी, शेजारच्याच तालुक्यातला, सरळ माणूस. कॉम्प्युटर उघडून त्यानं अडतीस नंबरचा सगळा दिवस जयश्रीला दाखवला.

"यंत्राची चूक दिसत नाही, सिस्टर. जे आकडे होते त्यावरून हिरवंच येणार."

"आणि श्वास? तो कुठंच दिसत नाही."

"श्वास चकती मोजतच नाही."

"मोजत नाही म्हणजे?"

"पहिल्या आराखड्यात होता," मुलाणी म्हणाला. "पण तुमच्या जुन्या तक्त्यांवर यंत्राला शिकवलं तेव्हा एक गंमत दिसली. जो घरी गेला त्याचा श्वास वीस, जो वारला त्याचाही वीस. मरायच्या तासभर आधीही वीस! लाखो नोंदी तशाच. यंत्रानं निष्कर्ष काढला, की श्वासाचा आणि मरणाचा काही संबंध नाही. जिथं माहितीच नाही तो सेन्सर ठेवून काय करायचं? काढून टाकला. बॅटरी दुप्पट चालायला लागली."

मुलाणीनं स्कॅन केलेला एक तक्ता नमुन्याला म्हणून उघडला. नशीब बघा, तो कुणाचा असावा? निळ्या शाईत, किंचित डावीकडे झुकणारे आकडे. अक्षर तिचं होतं. खाली सही र. साळवे.

"ते आकडे खोटे आहेत," ती म्हणाली.

मुलाणीनं कॉम्प्युटर मिटला. त्याचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, हे मी ऐकलं नाही असं समजा. नाहीतर हे लेखी द्या. लेखी आलं तर एकेचाळीस रुग्णालयांत जागल्या थांबवून नव्यानं शिकवावा लागेल. तोंडी बोलण्यावर कुणी काही करणार नाही."

लेखी द्यायचं म्हणजे काय, हे जयश्रीला पक्कं ठाऊक होतं. खोटी वैद्यकीय नोंद केल्याची कबुली. नर्सिंगची नोंदणी जाणार, चौकशी बसणार. आणि ती एकटी कुठे होती?

"डोकं फिरलंय का तुझं?" नर्सांच्या संघटनेच्या सेक्रेटरी शैला ढमाले तिच्या घरी येऊन तडकल्या. "अख्ख्या महाराष्ट्रातल्या सिस्टरांना चोर ठरवणार तू? पाच जणींचं काम एकीच्या बोकांडी टाकलं त्यांना कुणी विचारत नाही, आणि आपण आपल्याच हातानं फास लावून घ्यायचा?"

"रोज कुणीतरी हिरवी बाई मरत असेल, शैलाताई. कुठल्या तरी वॉर्डात."

"आणि जागल्या बंद झाला तर? त्या बारा नंबरचीचं काय? एकसष्ट खाटा, एक नर्स आणि जागल्या पण नाही. कर विचार!"

केला तिनं विचार. तीन दिवस केला. शैलाताईंचं चूक नव्हतं. मुलाणीचं चूक नव्हतं, डॉक्टर निकमांचंही नव्हतं. अहो, ज्याला त्याला जाऊन विचारा, प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता आणि बाई मेल्या होत्या. रागानं तिचं कपाळ तडकायचं, आणि तो राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पण काहीही करताना तळहातावर ते बोट फिरल्यासारखं व्हायचं. बाईंनी आपल्या वाटणीचा कबुलीजबाब दिला होता. राहिला होता तिचा.

तिनं दोन पानं लिहिली. नाव, तारीख, कुठल्या साली, किती खाटांना किती जणी होत्या तेही. कुणा दुसरीचं नाव घातलं नाही. बाईंचंही नाही. खाली सही केली आणि पाठवून दिलं.

पंधरा दिवसांत तिला निलंबित केलं. पट्टा काढून घेतला. शैलाताईंनी फोन उचलणं बंद केलं; बाजारात भेटल्या तर रस्ता ओलांडून जायच्या. ते जयश्रीला लागायचं, पण तिनं मनाची तयारी ठेवली होती. ती वाट पाहत होती जागल्या थांबल्याच्या बातमीची.

जागल्या थांबला नाही. थांबवणार कोण, आणि त्याच्या जागी उभं कोण राहणार? त्याऐवजी परिपत्रक निघालं. मुलाणीनंच तिला फोनवर वाचून दाखवलं, ओशाळल्या आवाजात. नव्यानं शिकवायला खऱ्या नोंदी हव्यात; सबब, सर्व परिचारिकांनी प्रत्येक रुग्णाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, पाळीत तीन वेळा नोंदवावा, वर्षभर. त्या नोंदींवरून यंत्र श्वास नव्यानं शिकेल.

"आणि माणसं?" जयश्रीनं विचारलं. "माणसं किती वाढवली?"

"त्याबद्दल परिपत्रकात काही नाही, सिस्टर."

दोन महिन्यांनी कपाटाची किल्ली परत करायला ती रुग्णालयात गेली. दुपारी चारची, भेटायची वेळ होती. तिच्या जागी दुसऱ्या तालुक्यातून भारती म्हणून एक सिस्टर बदलून आली होती, चाळिशीची, पायाला सूज, केस सुटलेले. ती टेबलापाशी उभ्या उभ्याच तक्ते भरत होती. परिपत्रकासाठी खास नवे छापलेले तक्ते, श्वासाचा रकाना ठळक निळा. जयश्रीनं किल्ली ठेवली आणि तिची नजर त्या रकान्यावर गेली.

वीस. वीस. बावीस. वीस. वीस.

भारतीनं मान वर केली. भारतीच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग नुसता थकवा. "एकसष्ट आहेत, ताई," ती हळूच म्हणाली.

जयश्रीला ओरडावंसं वाटलं. तक्ता हिसकावून फाडून टाकावा, असंही वाटलं. पण कुठल्या तोंडानं? तिच्या हातात आता पेनही नव्हतं, सही करण्याचाही अधिकार नव्हता. ती वळली आणि दारापर्यंत गेली.

दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारी एकटी पडली होती. छातीवर चकती, वरचा दिवा हिरवा. जयश्री स्टूल ओढून बसली, जणू भेटायला आली आहे. म्हातारीचं मनगट हातात घेतलं, नाडी बघतेय असं दाखवलं, नजर छातीवर ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर यायची वाट पाहिली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. पूर्ण साठ सेकंद.

"भारती," तिनं हाक मारली. "हिचे चौतीस आहेत."

भारती यायला निघालीही होती. दोन पावलं आली, आणि तिचा पट्टा कडाडला. तिनं मनगटाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, जयश्रीकडे पाहिलं. "आलेच, ताई," म्हणाली आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पळाली.

जयश्रीनं पदराखालून फोन काढून डॉक्टर निकमांना लावला. फोन वाजत राहिला. तिनं पुन्हा लावला. म्हातारीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि तिची बोटं घट्ट धरली.

दारातून शिपाई आत डोकावला. "चला मावशी, भेटायची वेळ संपली."

"एक मिनिट थांबा," जयश्री म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून पुन्हा मोजू लागली.